रातकिडा काढला का?

त्याला सगळे तोफ म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. बत्तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस शांत राहणार तरी कसा? अकरा मजल्यांची लिफ्ट बंद पडते कशानं, तर कुणा शहाण्यानं दाराच्या खाचेत शेंगांची टरफलं झाडली म्हणून. बरं, बंद पडली तर पडली, पण मजल्यामजल्यावरचा माणूस बटण दाबत राहतो, जणू दाबून दाबून तिला लाज वाटेल आणि ती चालू होईल. तोफ खाली खड्ड्यात उतरलेला, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला, वर बघून ओरडायचा, "बोटं काढा." सात मजल्यांवरची सात बोटं एकदम निघायची.

कोळ्यांचं वेड त्याला या कामातूनच लागलं. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत सहसा कुणी फिरकत नाही. तिथे ऊब असते, चिलटं असतात आणि भिंतीवर बोटाच्या पेराहून लहान, करड्या अंगाचे, उड्या मारणारे कोळी असतात. जाळं पसरून त्यात कुणी अडकायची वाट बघत बसणारे हे नव्हेत. हे चालत येतात, थांबतात, पुढचे दोन मोठे डोळे वर करून बघतात. तुम्ही डावीकडे सरकलात तर तेही डावीकडे वळून बघतात. ज्याच्याकडे लोक दिवसभर फक्त 'अजून किती वेळ' विचारायलाच बघतात, त्याच्याकडे कुणी असं नीट बघितलं की त्याला बरं वाटतं. पहिला कोळी त्यानं पेल्याखाली धरून, खालून पुठ्ठा सरकवून घरी आणला. मग तो थांबलाच नाही. मागच्या अरुंद खोलीत शेल्फवर साठ बरण्या झाल्या. बायको म्हणायची, "लग्न ठरताना सांगितलं होतं, मुलाला मागेपुढे कुणी नाही, एकटा जीव आहे. हे साठ जण तेव्हा कुठे लपवले होते?"

रविवारी सकाळी त्याच्याकडे नवशिके यायचे. भिंतीवरचा, कुंडीतला, गॅरेजमधला कोळी पकडून पाळायची हौस असलेली माणसं. कुणी एकानं दुसऱ्याला सांगावं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी ती येत आणि दर रविवारी शिव्या खाऊन जात. तरी पुढच्या रविवारी पुन्हा येत, कारण त्याच्याइतकं जाणणारा दुसरा कुणी नव्हता. पार्लरवाली एकदा माशांची टाकी घेऊन आली, तिच्यात एवढासा कोळी कुठेतरी हरवलेला. "याला काय फुटबॉल खेळायचाय?" तोफनं विचारलं. बँकेतल्या कारकुनानं बाटलीच्या बुचात पाणी ठेवलं आणि कोळी त्यात बुडून मेला. "तुला तहान लागली की तू विहिरीत उडी मारतोस का?" पाणी द्यायचं ते काचेवर दोन थेंब, ब्रशनं. भिंतीवरून आणलेला कोळी काटक असतो, काहीही सोसतो, असं कुणी म्हणालं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "तो भिंतीवर काटक होता. तिथे त्याला जिथे जायचं तिथे जाता येत होतं. तुम्ही त्याला बरणीत घातलात, आता त्याचं सगळं तुमच्यावर आहे."

तोंडाशी दोन फुगीर गोळे दिसले तर तो वयात आलेला नर, त्याला पकडायचं नाही. त्याचे थोडे दिवस उरलेत आणि ते त्याला तुमच्या टेबलावर काढायचे नाहीत. बरणी उलटी ठेवायची, झाकण खाली, कारण हा प्राणी छताला घर बांधतो आणि झाकण वर असलं तर खायला घालताना रोज तुम्ही त्याचं छप्पर फाडणार. पाळायचं जमत नसेल तर जिथून आणला तिथेच नेऊन सोडायचा, सोयीच्या बागेत नाही. हे सगळं तो धाडधाड सांगायचा. पण दारातून आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्याचा पहिला प्रश्न एकच असे: "रातकिडा काढला का?"

त्याचं असं आहे. कोळी कात टाकायच्या आधी खाणं बंद करतो, वर जाऊन पांढरी रेशमी पिशवी विणतो आणि आत स्वतःला कोंडून घेतो. आठ दिवस, पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त. नवशिक्याला वाटतं मेला, आणि तो पिशवी उघडून बघतो. उघडायची नाही. पण त्याहून मोठी चूक वेगळीच. खायला टाकलेला जिवंत रातकिडा बरणीतच राहून जातो. कोळी तेव्हा जुनी कात सोडून, ओल्या कागदासारखा मऊ होऊन, हलायचीही ताकद नसलेला पडलेला असतो. रातकिड्याला भूक लागते. तो पिशवी कुरतडतो आणि ज्याचं खाद्य म्हणून आला त्यालाच खातो. ही चूक करणाऱ्याला तोफ असा धारेवर धरायचा की एकदा कॉलेजातली एक मुलगी रडत जिना उतरली होती. "चूक झाली म्हणे," तो तिच्या मागे ओरडत होता. "तुझी चूक, मरण त्याचं."

एवढा राग का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही.

त्याची लेक नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. त्याच्याकडची पहिली करडी मादी पिशवी करून बसली होती. आठव्या दिवशी तो कामावरून आला तर पिशवीला भोक, आत कोळी नाही, एक पाय तेवढा लोंबतोय. घरात दिवसभर कोण होतं? लेक. तिची शाळेची पट्टीही शेल्फवरच पडलेली. झालं, त्यानं डोक्यात राख घालून घेतली. पोर जिन्यात मैत्रिणीबरोबर खेळत होती. तिला त्यानं तिथेच गाठलं आणि वरच्या-खालच्या मजल्यावरच्या माणसांसमोर तिच्या कानाखाली वाजवली.

"मी नाही उघडली," ती म्हणाली.

"वर खोटं बोलतेस? माझं चुकलं म्हण."

ती म्हणेना. मग अगदी हळू म्हणाली. तो म्हणाला, मोठ्यानं. असं करत त्यानं तिला चार वेळा म्हणायला लावलं. चौथ्या वेळी सगळ्या जिन्याला ऐकू गेलं, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

तिसऱ्या दिवशी त्यानं ती बरणी धुवायला घेतली तर सालीच्या तुकड्याखाली रातकिडा बसलेला. चांगला फुगलेला. तो त्यानं स्वतःच टाकला होता आणि काढायला विसरला होता. भोक नीट बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण पिशवी फाडलेली नव्हती, बाहेरून कुरतडलेली होती. त्यानं काय केलं? रातकिडा संडासात टाकून पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी लेकीला चोवीस रंगांची रंगपेटी आणून दिली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या पेटीवरचा प्लॅस्टिकचा कागद लेकीनं कधीच काढला नाही. माझं चुकलं, हे दोन शब्द. नऊ वर्षांच्या पोरीला ते चार वेळा म्हणता आले, आणि बापाला बावीस वर्षांत एकदाही जमले नाहीत. वर दर रविवारी परक्यांच्या पोरींना रडवायला हा मोकळा.

लेक त्यानंतर मागच्या खोलीत कधी गेली नाही. भांडणही नाही केलं. कामापुरतं बोलायची, मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. तिच्या घरी तो दोनदाच गेला होता, तेही बायको बरोबर असताना. पाहुण्यासारखा बसला आणि चहा पिऊन उठला. बायको दर गुरुवारी जायची, तेव्हा तो म्हणायचा, "मला काम आहे." काम नसायचं.

आणि अचानक नातीनं कोळी पकडला. आठ वर्षांची पोरगी, न्हाणीघराच्या खिडकीत पेला आणि पुठ्ठा घेऊन, कुणी न शिकवता. तिनं त्याला नाव दिलं मॅडम, कारण तो सारखा तिच्याकडे टक लावून बघायचा. आजीबरोबर चिठ्ठ्या यायला लागल्या. 'आजोबा, मॅडम पाठ करून का बसते?' 'आजोबा, मॅडम झोपते तेव्हा डोळे मिटते का?' ज्या माणसानं कधी कुणाला सरळ उत्तर दिलं नाही तो ओट्याशी उभा राहून, चष्मा पुसून पुसून, सुवाच्य अक्षरात उत्तरं लिहू लागला. त्यानं बरणी पाठवली, सुईनं भोकं पाडून, कडा घासून. छोटे रातकिडे पाठवले. त्याला त्या घरात जायचं होतं, नातीच्या शेजारी बसून ती बरणी बघायची होती, आणि लेकीनं 'या' म्हटल्याशिवाय तो जाणार नव्हता. दोन महिने तो त्या एका शब्दावर डोळे लावून बसला होता.

एका संध्याकाळी फोन वाजला. लेकीचा. आईला नव्हे, त्याला.

"बाबा, ती मॅडम खात नाहीये. वर जाऊन पांढरी पिशवी करून बसलीय. पोरगी घाबरलीय. काय करायचं?"

"काही करायचं नाही. पिशवीला हात लावायचा नाही. उघडायची तर मुळीच नाही."

"बरं. आणि?"

आणि. आता पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता. शेकडो लोकांना विचारलेला, झोपेतही विचारता येईल असा प्रश्न. पण ही लेक होती. आत रातकिडा आहे का विचारलं तर ती विचारणार, का, असला तर काय होतं? मग सांगावं लागणार. आणि सांगितलं की तिला त्या जिन्यात पोचायला कितीसा वेळ लागणार?

"आणि काय आणि?" तो खेकसला. "एकदा सांगितलं ना, उघडू नका म्हणजे नका." त्यानं फोन ठेवून दिला.

बायको बघत होती. "पोरीनं इतक्या वर्षांनी आपणहून फोन केला, अहो. जरा गोड बोलला असतात तर जीभ झिजली असती का?"

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला. नंतर पुष्कळ दिवस तो स्वतःची समजूत घालत राहिला. रातकिडे लहान होते. तिनं खाल्ला असेल. नसेल तर आपोआप मेला असेल. दोनदा त्यानं फोन उचलला आणि दोनदा परत ठेवला.

बाराव्या दिवशी, रविवारी, खोलीत चार नवशिके असताना बायकोनं फोन आणून त्याच्या हातात दिला. नात होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आजोबा, पिशवीला भोक पडलंय. मी नाही पाडलं. तुम्ही येता का? आई म्हणाली, या."

'या' आला तो असा आला. नवशिक्यांना त्यानं हातानंच बाहेर काढलं. पार्लरवाली काही विचारू लागली तर "आज नाही" एवढंच म्हणाला, आणि तो ओरडला नाही याचीच तिला भीती वाटली.

लेकीचं घर सातव्या मजल्यावर. दार लेकीनंच उघडलं. बरणी खिडकीजवळच्या टेबलावर, उलटी, त्यानं लिहिलं होतं तशी. नात टेबलाच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे.

"मी नाही उघडली," तो काही बोलायच्या आत ती म्हणाली.

त्यानं बरणी घ्यायला हात पुढे केला. फक्त बरणी घ्यायला. आणि लेक मधे आली. तिनं विचार केला नव्हता, ठरवलं नव्हतं, ती नुसती मधे आली आणि तिचा तळवा पोरीच्या गालावर झाकणासारखा बसला. तोफचा हात तसाच अधांतरी राहिला. त्याला राग आला. मी पोरीला मारीन असं वाटलंच कसं हिला, हा पहिला विचार. दुसरा यायला फार वेळ लागला नाही.

त्यानं बरणी उचलून उजेडात धरली. भोकाच्या कडा बाहेरून कुरतडलेल्या. आत दोन पाय. खाली पानाच्या तुकड्यामागे रातकिडा, फुगलेला. बघताक्षणी तोंडातून ते निघालंच, सवयीनं, रविवारच्या आवाजात.

"रातकिडा का नाही काढलात?"

"काढायचा असतो?" लेकीनं विचारलं.

"काढायचाच असतो. कात टाकताना ती मऊ असते, तो तिला खातो. हे पहिलं. हे सगळ्यात पहिलं सांगतो मी सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

त्यानं बरणी हातातल्या हातात फिरवली.

"मी फोनवर विचारलं होतं, आणि काय करायचं म्हणून," लेक म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही ओरडून फोन ठेवलात. येणाऱ्याजाणाऱ्याला पहिलं सांगता ते मला का नाही सांगितलंत?"

लेक त्याच्याकडे बघत होती. मग तिनं बरणीकडे बघितलं, भोकाकडे, त्या दोन पायांकडे. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली त्याला दिसली. विजेचं काम करणाऱ्याला दिसतं तसं, कुठून सुरू होऊन कुठे पोचतंय ते.

"बाबा. त्या वेळी, आपल्या घरी. त्या बरणीत रातकिडा होता का?"

"होता."

"तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ता' असं म्हणता आलं असतं. खरं म्हणजे ते जिभेवर आलंही होतं. पण नात तिथे उभी होती, आईच्या हाताखालून त्याच्याकडे टक लावून बघत, आणि तीही, तेव्हाच्या तिच्या आईसारखीच, खरं बोलत होती.

"तिसऱ्या दिवशी," तो म्हणाला.

"तिसऱ्या दिवशी." लेक हसली, आणि ते हसू बघवेना. "म्हणजे रंगपेटी चौथ्या दिवसाची. मला वाटायचं, मारल्याचं वाईट वाटलं म्हणून आणलीत. मी किती वर्षं स्वतःला विचारत होते माहितीये? की मीच उघडली असेल आणि विसरले असेन. इतक्या लोकांसमोर मी कबूल केलंय, तर मीच केलं असणार. नऊ वर्षांची होते मी. तुम्ही मला वेडं करून ठेवलंत एका किड्यापायी, आणि तुम्हाला तिसऱ्या दिवशी माहीत होतं."

"माझं चुकलं," तो म्हणाला. खाली बघून, बरणीला सांगावं तसं.

"ऐकू नाही आलं."

"माझं चुकलं."

"इथे नाही." तिनं जाऊन दार सताड उघडलं. बाहेर लिफ्टपाशी तीन माणसं उभी होती. एक पिशवी घेतलेली बाई, एक कुत्रा घेऊन निघालेले म्हातारे गृहस्थ आणि एक माणूस, जो लिफ्टचं बटण दाबतच होता, पुन्हा पुन्हा. "जिन्यात मारलं होतंत ना मला? मग बाहेर या. चार वेळा म्हणायला लावलं होतंत. मी मोजलं होतं."

तोफ बाहेर गेला. बरणी हातातच होती. माणसांनी वळून बघितलं. त्याला लेकीचा राग आला, त्या तिघांचा आला, त्या बटण दाबणाऱ्याचा तर फारच आला. आणि या सगळ्या रागाच्या तळाशी बावीस वर्षं जो बसला होता तो दुसऱ्या कुणाचाच नव्हता, त्याचा स्वतःचाच होता.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "माझ्या मुलीनं काही केलं नव्हतं. मीच विसरलो होतो."

"मोठ्यानं," दारातून लेक म्हणाली. ती रडत होती आणि तिचा राग जराही कमी झालेला नव्हता.

तो आणखी एकदा म्हणाला. आवाज मधेच फाटला. कुत्र्यानं कान टवकारले. बटण दाबणारा माणूस, हे काय चाललंय अशा नजरेनं बघत, बटण दाबत राहिला.

नात आईच्या मागून पुढे आली. तिनं आत दोन आणि बाहेर दोन मोजून बघितले असावेत, पण आतले तिनं धरले नाहीत. "आजोबा," ती म्हणाली, "अजून दोन राहिलेत."

त्यानं तिसऱ्यांदा म्हटलं. मग त्यानं श्वास घेतला आणि चौथ्यांदा म्हटलं, त्या आवाजात, ज्या आवाजात तो खड्ड्यातून वर ओरडत असे. खालच्या मजल्यावर कुठलं तरी दार उघडलं. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या माणसाचं बोट बटणावरून आपोआप निघालं.